नर-फुलांचा भाव

पाणी एकच, त्याला नावं दोन.
अलीकडचे म्हणतात शत्त, पलीकडचे अरवंद.
भरती आली की दोन्ही नावांत
सारखंच मीठ शिरतं.

खुदैर जाबिरला वय विचारा, तो झाडांत सांगतो:
हलावीची चौथी रांग लावली
तेव्हा मी चालायला लागलो.
ती रांग आता नाही,
म्हणजे वयाचीही पंचाईत.

सैन्यात विचारलं, काय येतं?
म्हणाला, खजुरावर चढता येतं.
मुलाझिमने वहीत लिहिलं, ‘झाडांचा जाणकार’,
आणि हातात करवत दिली.

तोफांना समोरचं दिसायला हवं होतं.
तोफेची नजर सरळ,
आडवं येईल ते शत्रूचं.
एकोणीस दिवस खुदैर
बापाच्या बागेत बापाची झाडं पाडत होता,
बर्ही, खद्रावी, हलावी,
मोजून दोनशे बारा.
ओंडके चिखलात अंथरले, त्यांवरून रणगाडे गेले.
वाट छान झाली, कुणीतरी म्हणालं.
छानच झाली होती.

बाप काही बोलला नाही.
झाडावर चढायचा कमरेचा दोर सोडला
आणि त्याने होडी बांधून ठेवली.

आपण म्हणतो, शेंडी तुटो की पारंबी तुटो.
ही वडाखालच्या माणसांची भाषा.
वडाला परवडतं.
खजुराला पारंबी नसते.
एकच शेंडा, त्यात एकच कोंब,
पांढरा, ओंजळीत मावेल एवढा.
तो गोळ्याने उडाला तरी खोड उभं राहतं
वीस वर्षं, तीस वर्षं,
वरची बातमी मुळांना
कुणी कळवलीच नाही असं.

मिझहरची बातमीही तशीच.
धाकटा भाऊ. कागदावर शिक्का: बेपत्ता.
आई तो शिक्का नखाने खरवडून बघायची,
खाली दुसरा शब्द आहे का.

पुस्तकात ही आठ वर्षं दीड पानात उरकतात.
नकाशावर बाण जातात, बाण परत येतात,
रेघ होती तिथेच.
मग दुसरं युद्ध आलं. मग तिसरं,
काळे चष्मे घातलेल्या परक्या पोरांचं.
प्रत्येकाने आल्याआल्या विचारलं,
या खोडांना डोकी का नाहीत?
खुदैर सांगायचा,
आधीचे घेऊन गेले.

आता झाडं उरलीत एकतीस,
सगळ्या माद्या.
थंडी ओसरते, फुलं उकलतात,
आणि वाऱ्याच्या भरवशावर खजूर धरत नाही,
त्याचं लग्न हातानेच लावावं लागतं.
म्हणून पलीकडून होडी येते.

होडीवाल्याचं नाव हशमत.
त्याला डावा कान नाही.
कुठे गेला, हे खुदैरने विचारलेलं नाही;
तू तेव्हा कुठे होतास, हे हशमतने.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले नर-फुलांचे तुरे,
ओल्या कणकेसारखा वास.

केवढ्याला?
गेल्या वर्षीपेक्षा जास्त. पाणी खारलंय,
नर आमच्याकडेही थोडेच उरलेत.
लुटतोस.
मग वाऱ्याला सांग.

दुपारपर्यंत घासाघीस चालते.
दोघंही चहा पितात, दोघंही
तो वाईट आहे म्हणतात.

साठी उलटलेला खुदैर चढतो.
गुडघे वाजतात, दोर करकरतो.
शेंड्यात तुरा उलटा बांधून झटकतो:
पिवळी पूड पापण्यांवर, मिशीत,
हातातल्या कागदावर.
लिपी ओळखीची, भाषा पलीकडची.
त्याला लागतं एवढंच:
कुठल्यातरी दूरच्या नदीचं नाव,
त्यापुढे एक आकडा.
बाकीचं पुडीखाली झाकलंय.

तो फुंकर मारत नाही.
पूड महाग आहे.
कागद पन्हळीसारखा दुमडतो
आणि उरलेली
पुढच्या झाडासाठी जपून उतरवतो.